वाचकांचे प्रश्न : नऊ व्हीएम, चार कोटेशनं

प्रश्न : मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या संगणक विभागात आहे. विभाग म्हणजे मी आणि माझा एक सहकारी. दोन सर्व्हर आहेत. जुन्यावर व्हीएमवेअरचं ईएसएक्सआय 6.7, त्यात पाच व्हर्च्युअल मशिन (व्हीएम), म्हणजे सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने उभे केलेले स्वतंत्र संगणक. नव्यावर विंडोज सर्व्हर 2022 चं हायपर-व्ही, त्यात चार. वजनकाटा, ऊसनोंदणी आणि बिलं, स्टोअर, पगार, हजेरी, फाइल सर्व्हर, डोमेन कंट्रोलर (सगळ्यांची लॉगिनं एका जागी सांभाळणारा), फॉक्सप्रोमधलं जुनं हिशेबाचं पॅकेज आणि बॅकअपचं सॉफ्टवेअर, सगळं या नऊ व्हीएममध्ये. अँटिव्हायरसची मुदत संपत आलीय आणि चार कोटेशनं टेबलावर आहेत. एक म्हणतो, प्रत्येक व्हीएममध्ये एजंट, म्हणजे अँटिव्हायरसचा प्रोग्राम, टाका. दुसरा म्हणतो, एजंटलेस घ्या, म्हणजे व्हीएमच्या बाहेरून तपासणारं, सर्व्हर स्लो होणार नाही. तिसरा क्लाउडवरचं ईडीआर विकतोय. चौथा सगळ्यात स्वस्त: फक्त दोन होस्टवर, म्हणजे मूळ सर्व्हरवर, लायसन्स टाका, आतलं सगळं आपोआप सुरक्षित. संचालक मंडळाला अर्थातच चौथा आवडलाय. काय करावं?

उत्तर : चौथ्यापासून सुरुवात करतो, म्हणजे तो एकदाचा बाजूला होईल. त्याला विचारा, ईएसएक्सआयवर तुम्ही हे बसवणार कसं? ते विंडोज नव्हे. तिथे सेटअप चालवून नेहमीचा अँटिव्हायरस टाकायची सोयच नाही. हायपर-व्हीच्या होस्टवर तो बसेल, पण बसून करणार काय? तुमचं वजनकाट्याचं अख्खं मशिन होस्टच्या लेखी एक भलीमोठी व्हीएचडीएक्स फाइल आहे. तिच्या आत चाललेल्या विंडोजमध्ये कुठली प्रोसेस काय उद्योग करतेय, याचा होस्टवरच्या अँटिव्हायरसला पत्ता नसतो. उलट स्कॅन करताना त्याने ती फाइल धरून ठेवली, तर व्हीएम सुरूच होत नाही किंवा मॅनेजरच्या यादीतून गायब होते. म्हणून हायपर-व्हीच्या होस्टवर दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस टाकायचाच असेल, तर व्हीएचडीएक्स, एव्हीएचडीएक्स, व्हीएमच्या कॉन्फिगरेशन फाइल आणि हायपर-व्हीच्या स्वतःच्या प्रोसेस वगळाव्या लागतात. विंडोजचा अंगचा डिफेंडर ही वगळणी आपणहून करतो, बाहेरच्यात तुम्हाला हाताने करावी लागते. थोडक्यात, चौथ्या माणसाला चहा पाजा आणि निरोप द्या.

आता एजंटलेस. ही चीज खोटी नाही. साधारण 2010 च्या सुमाराला ती आली आणि तिच्यामागे खरी अडचण होती. एका ओळखीच्या पतसंस्थेत मी ती अडचण डोळ्यांनी पाहिलीय. दुपारी बाराला सगळ्या व्हीएममध्ये एकदम फुल स्कॅन सुरू व्हायचा, कारण कन्सोलमध्ये, म्हणजे अँटिव्हायरसच्या नियंत्रणाच्या पडद्यावर, तसं एकच शेड्यूल होतं. खरी मशिनं वेगवेगळी असती तर प्रत्येकाने आपापली डिस्क वाचली असती. इथे सगळ्यांच्या मुळाशी डिस्क त्याच सहा. फिरणाऱ्या 10,000 आरपीएमच्या डिस्ककडून सेकंदाला दीडशेच्या आसपास वाचन-लेखन निघतं, सहांचे मिळून आठ-नऊशे, आणि रेड 5 (एक डिस्क गेली तरी डेटा वाचावा म्हणून केलेली जोडणी) असेल तर लेखनाला त्यातलंही बरंच कापलं जातं. विंडोजच्या परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये डिस्कच्या वाचनाला लागणारा सरासरी वेळ बघत होतो. एरवी 0.005 सेकंदाच्या आसपास असणारा आकडा स्कॅन चालू असताना 0.1 च्या वर. हा आकडा 0.025 च्या वर टिकून राहिला की समोरच्या माणसाला त्रास जाणवू लागतो. काउंटरवरची मुलगी पावती प्रिंटला देऊन पंख्याकडे बघत बसली होती.

यावर उपाय म्हणून स्कॅनिंगचं काम प्रत्येक व्हीएममधून काढून एका वेगळ्या सिक्युरिटी व्हीएमकडे दिलं गेलं. एक फाइल एकदा तपासली की तिची आठवण ठेवायची, तीच फाइल दुसऱ्या व्हीएममध्ये दिसली तर परत तपासायची नाही. एका होस्टवर शंभर-दोनशे एकसारखे डेस्कटॉप असतील तिथे याने खरोखर जीव वाचतो. पण तुमच्याकडे नऊ व्हीएम आहेत आणि नऊही वेगवेगळ्या तोंडाच्या. शिवाय व्हीएमवेअरवर हे चालायला व्ही-सेंटर आणि एनएसएक्स या व्हीएमवेअरच्याच वेगळ्या सॉफ्टवेअरचा आधार लागतो, आत व्हीएमवेअर टूल्समधला एक ड्रायव्हर लागतोच. म्हणजे अगदी काहीच टाकावं लागत नाही असंही नाही. हायपर-व्हीत तर तसा दरवाजाच नाही. तिथे तोच विक्रेता ‘लाइट एजंट’ देईल, म्हणजे आत एजंट आलाच. आणि पूर्ण एजंटलेस प्रकार मुख्यतः फाइल बघतो. मेमरीत चाललेले उद्योग, पॉवरशेलमधून येणारी भानगड यांत तो कमी पडतो. तुमच्यासाठी नाही. दुसरं कोटेशनही गेलं.

राहिली दोन. ईडीआर म्हणजे फक्त ओळखीचे व्हायरस न शोधता मशिनवर काय-काय घडतंय त्याची नोंद ठेवून संशयास्पद वागणूक पकडणारं सॉफ्टवेअर. चांगलंच आहे. पण ते रात्री दोनला इशारा देतं तेव्हा तो वाचणार कोण? तुम्ही दोघं. हंगामात तुम्हाला झोप मिळते का, हे मी विचारत नाही. विक्रेता स्वतःची माणसं चोवीस तास बसवून इशारे बघणार असेल आणि ते करारात लिहून देणार असेल, तर पैसे सार्थकी लागतील. नुसतं लायसन्स घेऊन डॅशबोर्ड लाल होत राहिला तर उपयोग शून्य. कारखान्याची इंटरनेटची लाइन तुटल्यावर त्याचं काय-काय चालतं नि काय बंद पडतं, हेही लेखी घ्या.

आणखी एक विचारा: अपडेट टप्प्याटप्प्याने सोडता येतो का? 19 जुलै 2024 आठवत असेलच. क्राउडस्ट्राइकची एक सदोष फाइल गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या हिशेबाने सुमारे 85 लाख विंडोज मशिनं निळ्या स्क्रीनवर जाऊन बसली. आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्या दिवशी व्हीएमवाल्यांचं एका बाबतीत बरं होतं. बिघडलेल्या व्हीएमची डिस्क काढून दुसऱ्या चालू व्हीएमला जोडायची, ती फाइल उडवायची, डिस्क परत जागेवर. कुणाला स्क्रू ड्रायव्हर घेऊन फिरावं लागलं नाही. तरी धडा घ्यायचा तो असा की अपडेट आधी हजेरीच्या व्हीएमवर, दुसऱ्या दिवशी पगारावर, आणि काट्यावर सगळ्यात शेवटी. ही सोय कुठल्याही सुरक्षा सॉफ्टवेअरला हवी, ईडीआर असो वा नसो. काही सॉफ्टवेअरमध्ये प्रोग्रामचा अपडेट थांबवता येतो पण व्हायरसच्या ओळखयाद्यांचा नाही. नेमकं काय थांबतं ते खोदून विचारा.

माझं मत पहिल्या कोटेशनला. प्रत्येक व्हीएममध्ये साधा, सर्व्हरसाठीचा एजंट आणि एक लोकल कन्सोल. पुण्यातल्या क्विक हीलचं सेक्राइट असो, चेन्नईचं के7 असो की एखादी परदेशी कंपनी, नावावरून मी भांडणार नाही. आठवडाभर चालवून बघा आणि मग ठरवा. पण बसवताना चार गोष्टींत डोकं घाला.

स्कॅनच्या वेळा. विक्रेता रात्रीची वेळ लावून जाईल, कारण त्याला वाटतं रात्री सगळं बंद असतं. हंगामात तुमचा काटा चोवीस तास चालतो, रात्री तीनलाही ट्रॅक्टरची रांग असते. प्रत्येक व्हीएमला वेगळा दिवस आणि वेगळी वेळ द्या. काट्याच्या आणि बिलाच्या व्हीएमचा फुल स्कॅन क्लीनिंगसाठी गाळप थांबतं त्या दिवशीच. रोज चालू राहील तो फक्त फाइल उघडतानाचा तपास.

विंडोज सर्व्हरवर दुसरा अँटिव्हायरस टाकला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो, असा समज आहे. विंडोज 10-11 वर होतो, सर्व्हरवर होत नाही. दोघं एकाच फाइलवर तुटून पडतात आणि मग अँटिव्हायरस जड आहे अशी बोंब होते. एक तर डिफेंडर काढा किंवा बंद करा, नाहीतर दुसरा घेऊच नका.

फॉक्सप्रो. इथे तुमचं खरं दुखणं निघणार आहे, लिहून ठेवा. डीबीएफ आणि सीडीएक्स फाइल दर नोंदीला उघडतात-मिटतात, आणि अँटिव्हायरस दर वेळी मध्ये नाक घालतो. शेअर्ड फोल्डरवर असतील तर कासवच. तो डेटाचा फोल्डर स्कॅनमधून वगळा, एसक्यूएलच्या एमडीएफ-एलडीएफ फाइलही वगळा. पण अख्खा डी ड्राइव्ह वगळू नका. विक्रेत्याचा इंजिनिअर घाईत तेच करून जातो. दुसरं म्हणजे वीस वर्षांपूर्वी कुणीतरी बनवून दिलेली, सही नसलेली ईएक्सई फाइल नव्या अँटिव्हायरसला संशयास्पद वाटते आणि ऐन पंधरवड्याच्या बिलाला तो ती क्वारंटाइनमध्ये टाकतो. ती आधीच चालवून बघा, तपासा आणि परवानगीच्या यादीत घाला.

आणि चाचणी. ईआयकार नावाची 68 अक्षरांची निरुपद्रवी फाइल असते. ती व्हायरस नाही, पण सगळे अँटिव्हायरस ती व्हायरस असल्यासारखी पकडतात. त्यासाठीच ती केलीय. नऊही व्हीएममध्ये टाका, एकदा झिपमध्ये घालून टाका, एकदा गट ऑफिसच्या पीसीवरून शेअरवर कॉपी करा. पकडलं का एवढंच बघू नका. कन्सोलवर कुठल्या मशिनचं नाव, किती वेळाने आलं ते बघा. व्हीएम नऊ आणि कन्सोलवर दिसतात आठ, असं निघालं तर आत्ताच कळलेलं बरं.

लायसन्स कशावर मोजतात तेही विचारा: व्हीएमवर, प्रोसेसरवर की कोअरवर. नऊच व्हीएम असल्या तर व्हीएमवर मोजलेलं बहुधा स्वस्त पडतं.

आता जे चौघांपैकी कुणीही तुम्हाला सांगितलं नाही ते. ईएसएक्सआय 6.7 चा सर्वसाधारण सपोर्ट 15 ऑक्टोबर 2022 ला संपला. तुमच्या पत्रातली सगळ्यात धोक्याची ओळ ती आहे, आणि तिच्यावर कुठल्याच कोटेशनमध्ये औषध नाही. 3 फेब्रुवारी 2023 ला फ्रान्सच्या सरकारी सायबर यंत्रणेने इशारा दिला की ईएसएक्सआयच्या सर्व्हरांवर रॅन्समवेअरचा हल्ला सुरू झालाय. ईएसएक्सआयआर्ग्ज म्हणून तो ओळखला जातो. ज्या भोकातून तो शिरतोय असं सांगितलं गेलं, ते ओपनएसएलपी या सेवेतलं होतं आणि त्याचा पॅच दोन वर्षं आधी, फेब्रुवारी 2021 मध्येच आला होता. हल्लेखोर व्हीएमच्या आत गेलेच नाहीत. बाहेरून व्हीएम बंद केली आणि तिच्या फाइल एन्क्रिप्ट केल्या. आतला अँटिव्हायरस तेव्हा चालूच नव्हता, कारण ज्या मशिनवर तो चालतो तेच बंद होतं. प्रत्येक खोलीला भक्कम कुलूप लावावं आणि चोराने घरच उचलून न्यावं, तसा प्रकार. पहिल्या लाटेत घाईघाईत मोठ्या डिस्क फाइलींचा बराच भाग कोरा सुटला होता. त्यामुळे अमेरिकेच्या सीसा या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने दिलेल्या स्क्रिप्टने काहींच्या व्हीएम परत उभ्या राहिल्या. मग हल्लेखोरांनी पद्धत बदलली आणि तीही वाट बंद झाली. मार्च 2025 मध्ये आणखी तीन भोकं जाहीर झाली, आणि ती आधीपासून वापरात होती. ती जोडून वापरली की एका व्हीएममधला अॅडमिन थेट होस्टवर उडी मारू शकतो.

म्हणून बजेटचा मोठा तुकडा इकडे वळवा. हंगाम संपला की पाच व्हीएम जुन्यावरून हलवा. नव्या सर्व्हरची रॅम पुरते का बघा. विंडोज सर्व्हर स्टँडर्डच्या एका लायसन्समध्ये दोनच विंडोज व्हीएम बसतात, पुढच्या दर दोनांसाठी सगळ्या कोअरचं लायसन्स पुन्हा घ्यावं लागतं. हा खर्च मंडळापुढे आधीच ठेवा, नाहीतर नंतर तुमच्या नावाने शिमगा. तोवर जुन्याला इंटरनेटचं तोंड अजिबात दिसता कामा नये. त्याचं लॉगिन फक्त तुमच्या एका पीसीवरून उघडावं, एसएसएच (दुरून लॉगिन करायची सोय) आणि ओपनएसएलपी बंद ठेवा, आणि तो डोमेनला जोडलेला असेल तर काढा. 2024 च्या जुलैत मायक्रोसॉफ्टने दाखवून दिलं की डोमेनमध्ये ‘ईएसएक्स अॅडमिन्स’ नावाचा नुसता ग्रुप बनवला की त्यातल्या माणसाला अशा होस्टचा पूर्ण ताबा मिळत होता. नवा हायपर-व्ही होस्टही रोजच्या डोमेनबाहेर असेल तर उत्तम. आणि त्या होस्टवर बसून ब्राउझर उघडायचा नाही, मेल बघायची नाही.

बॅकअपचं सॉफ्टवेअर त्याच नऊ व्हीएममधल्या एकात आहे, हे वाचून मी पत्र खाली ठेवलं. होस्ट गेला की बॅकअपही गेला. एक वेगळा, साधा बॉक्स घ्या, डोमेनच्या बाहेर, वेगळा पासवर्ड, आणि त्यावर ठरावीक दिवस कुणालाच पुसता न येणारी प्रत ठेवायची सोय. शिवाय आठवड्याला एक डिस्क काढून कपाटात. स्नॅपशॉटला (व्हीएमची त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती) बॅकअप म्हणू नका. तो मूळ डिस्कच्या शेजारीच असतो आणि तिच्याबरोबरच जातो. दर तिमाहीला काट्याची व्हीएम बॅकअपवरून उभी करा, नेटवर्क तोडून, आणि कालची शेवटची खेप तिच्यात दिसते का बघा.

मंडळाला ‘रॅन्समवेअर’ सांगू नका, एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला किमान भाव) सांगा. ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर 15 टक्के व्याज, हे 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे आणि प्रत्येक संचालकाला पाठ आहे. बिलाची व्हीएम तीन आठवडे बंद पडली तर काय होईल, ते ते स्वतःच मोजतील. त्याच बैठकीत हेही कानावर घाला की घटना घडली तर केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर यंत्रणेला सहा तासांत कळवायचं आणि 180 दिवसांचे लॉग ठेवायचे, असा एप्रिल 2022 चा आदेश आहे. लॉग व्हीएमच्या आतच ठेवले तर व्हीएमबरोबर तेही जातील, म्हणून ते बाहेर पाठवा.

प्रश्न : मी नाशिकला इंजिनिअरिंगला आहे. संशयास्पद फाइल लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये उघडून बघतो. आत अँटिव्हायरस टाकू का?

उत्तर : अभ्यासासाठी उघडत असशील तर आत नको, तो तुझी फाइलच उडवेल. लॅपटॉपवर मात्र हवाच. शेअर्ड फोल्डर, शेअर्ड क्लिपबोर्ड आणि ड्रॅग-अँड-ड्रॉप बंद कर. गडबड बहुतेक वेळा याच सोयींमधून बाहेर येते. नेटवर्क अॅडॉप्टरची वायर सेटिंगमधून काढ. ‘ब्रिज्ड’ ठेवलंस तर होस्टेलचं अख्खं वायफाय त्या फाइलच्या समोर असेल. काम झालं की स्वच्छ स्नॅपशॉटवर परत. आणि फाइल काहीच करत नाही म्हणून ती निर्दोष ठरवू नकोस. व्हर्च्युअलबॉक्सच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता ठरलेला, 08:00:27 ने सुरू होतो. अनेक मालवेअर तो बघूनच गप्प बसतात. व्हर्च्युअलबॉक्स अपडेट ठेव. व्हीएममधून बाहेर पडता येणारी भोकं दुर्मीळ असतात, पण असतात.

प्रश्न : रत्नागिरीत आमची संगणक प्रशिक्षण संस्था आहे. एका व्हीएममध्ये सगळं टाकून तिचे वीस क्लोन केले. अँटिव्हायरसच्या कन्सोलवर मात्र एकच मशिन दिसतं, आणि त्याचं नाव सारखं बदलतं. लायसन्स वीसचं आहे.

उत्तर : एजंट बसवताना स्वतःसाठी एक ओळख क्रमांक तयार करतो. तुम्ही तो क्रमांकासकट क्लोन केलात. कन्सोलला वीसही मशिनं एकच वाटतात आणि जे शेवटी बोललं त्याचं नाव दिसतं. मूळ व्हीएममधला एजंट काढा, विंडोजचं सिसप्रेप (मशिनची ओळख पुसणारं साधन) चालवा, मग क्लोन करा आणि क्लोन सुरू झाल्यावर एजंट टाका. बहुतेक कंपन्यांकडे मूळ प्रतीसाठी क्रमांक पुसायची वेगळी कमांडही असते, ती सपोर्टला फोन करून मागा. मूळ प्रत महिन्याला एकदा उघडून अपडेट करत जा. ती जुनी राहिली की दर नवा क्लोन जुन्याच ओळखयाद्या घेऊन जन्माला येतो, आणि सकाळी वीस मशिनं एकदम डाउनलोडला लागली की मुलांचं पान उघडत नाही. एक मशिन लोकल अपडेट सर्व्हर म्हणून नेमा, बाकीच्यांना त्याच्याकडून घेऊ द्या.